‘नहीं साहब’ म्हणणारी माणसं

माझ्याकडे येणाऱ्या माणसाला ‘तब्येत कशी आहे?’ असं मी कधीच विचारत नाही. विचारण्यात अर्थ नसतो. पलटणीत आयुष्य काढलेला माणूस काखेत कुबडी धरून आला तरी ‘एकदम फर्स्ट क्लास’ असंच सांगणार, आणि मी ते खरं धरून कागदावर उतरवलं की त्याचं काम तिथंच संपणार. म्हणून मी नुसता पाहतो. तो दाराशी चपला कशा काढतो, खुर्चीवर बसताना कोणता हात टेकतो, पाण्याचा पेला कोणत्या हातानं घेतो. पाच मिनिटांत निम्मी फाईल कळते. उरलेली निम्मी त्याच्या बायकोकडे असते. हे शहाणपण मला फार उशिरा आलं, आणि ते कसं आलं तेच इथं सांगायचं आहे.

वरठीला स्टेशनकडून कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सायकल दुरुस्तीच्या दुकानाला लागून आमची एक खोली आहे. पाटीवर माजी सैनिकांच्या संघटनेचं भलं मोठं नाव आहे, पण गाव आपलं ‘फौजी ऑफिस’च म्हणतं. पायदळातून सुभेदार होऊन निवृत्त झालेला मी अध्यक्ष, आणि तोफखान्यातून आलेले हवालदार लांजेवार सचिव. दोघांनीही लढाई पाहिली आहे. मी ती पुढे राहून पाहिली, लांजेवारांनी मागून तोफा डागत. यावरून आमची रोज एकदा तरी जुंपते.

“तुमी पुढे गेले ते आमच्या भरोशावर गेले,” लांजेवार म्हणतात.

“तुमचे दोन गोळे आमच्याच मागे पडले होते,” मी म्हणतो.

“तुमी लय हळू चालून राहिले होते, म्हून.”

तोफांनी लांजेवारांचे दोन्ही कान अर्धे नेले. त्यामुळे ते फोनवर बोलायला लागले की पाळीला जाणारे कामगार मोटारसायकली हळू करून आत डोकावतात. त्यांना वाटतं, आत मारामारी चालू आहे. हाच आवाज मोर्चाच्या दिवशी कामाला येतो. आम्हाला भोंगा भाड्यानं आणावा लागत नाही.

बाहेरच्यांना वाटतं, संघटना म्हणजे झेंडे, घोषणा आणि कलेक्टरसाहेबांना निवेदन. तेही आम्ही करतो, पण वर्षातले मोजके दिवस. बाकी सगळा कागदांचा मामला. डोळे बांधून रायफल उघडून पुन्हा जोडणारा माणूस घरी आल्यावर चार पानी अर्ज पाहिला की घामाघूम होतो. कोणाच्या पलटणीच्या पुस्तकात बायकोचं नावच चढलेलं नसतं, कोणाचा दाखला उंदरांनी खाल्लेला असतो. एखाद्या विधवेचा अंगठा मशीन घेत नाही, कारण जन्मभर धान लावून आणि कापून तिच्या बोटांवरच्या रेषाच गेलेल्या असतात. अशी म्हातारी आली की लांजेवार तिला आधी चहा पाजतात, मग तिच्या बोटाला खोबरेल चोळून मशीनची मनधरणी करतात. बहुतेक वेळा मशीन ऐकतं. नाही ऐकलं तर लांजेवार मशीनशी तोफखान्याच्या भाषेत बोलतात आणि म्हातारीला हसू आवरत नाही.

काही गिऱ्हाईकं औरच असतात. सिहोऱ्याकडचे एक निवृत्त नायक एकदा हातभर लांबीचा नकाशा घेऊन आले. बोडीचं, म्हणजे गावच्या लहान तळ्याचं पाणी त्यांच्या धानाला मिळत नव्हतं. नकाशात बोडी, पाट, झाडं, सगळं मापात काढलेलं. त्यांचं शेत निळ्या पेन्सिलीनं आणि वरच्या अंगाचं शेत लाल पेन्सिलीनं रंगवलेलं. लाल शेतावर ‘दुश्मन’ असं लिहिलं होतं.

“हा दुश्मन कोण?” मी विचारलं.

“माहा चुलतभाऊ. सुभेदार साहेब, तुमी डावीकडून या, मी समोरून येतो.”

मी गेलो. दुश्मनानं आम्हाला पाहताच बाज टाकली, चहा मांडला. नकाशा पाहून तो बराच वेळ हसला आणि म्हणाला, “पाणी पायजे तं घे न बाबू. तू मांगतलंस कवा?” मी नायकांकडे पाहिलं. “विचारलं नव्हतं का तुम्ही?” तर ते मला म्हणतात, “दुश्मनाले कोण विचारते जी?”

हसण्यावारी नेण्याची ही गोष्ट, पण तिचं मूळ आमच्या सगळ्यांच्या एका सवयीत आहे. पलटणीत ठरावीक दिवशी सगळ्या जवानांना एकत्र बसवतात, त्याला संमेलन म्हणतात. मोठे साहेब येतात, चार शब्द बोलतात आणि शेवटी विचारतात, “कोई शिकायत? कोई तकलीफ?” यावर सगळ्या गळ्यांतून एकच उत्तर निघतं, “नहीं साहब!” एकदा त्याच सकाळी डाळीतल्या खड्यानं माझी दाढ तुटली होती. गाल सुजून लाल झालेला. साहेबांनी नेमकं जेवणाबद्दल विचारलं आणि सगळ्यांत मोठ्यानं ‘नहीं साहब’ मीच ओरडलो. याला खोटं बोलणं म्हणता येत नाही. तिथं तेच बरोबर असतं, कारण आपापली दुखणी मोजत बसलेली पलटण डोंगर चढत नाही. सुटताना वर्दी जमा करून घेतात, रायफल जमा करून घेतात. ही सवय मात्र कोणी जमा करून घेत नाही, ती आमच्याबरोबर गावी येते.

एका सोमवारी कौसल्याबाई सेलोकर नावाच्या बाई एकट्याच ऑफिसात आल्या. कोंढ्याच्या पलीकडे त्यांचं गाव, दोन बस बदलून आल्या होत्या. पाण्याचा पेला बाजूला सारून त्यांनी कापडी पिशवीतून नवऱ्याचं पलटणीतून सुटतानाचं पुस्तक काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

“ह्यायले सांगतलं नाई. भावाकडे जाऊन येतो म्हून निंगालो.”

“काय काम होतं, बाई?”

“मले एक कागद पायजे. लढाईत जखमी झाले म्हून. शिक्क्याचा.”

“पेन्शन वाढवून हवी आहे का?”

“वाढली तं वाढली. मी पैशाचं बोलून नाई राहिलो जी. मले कागद पायजे.”

मग त्यांनी सांगितलं. रोवणीचे दिवस आले की आमच्याकडे घरातलं एकूण एक माणूस चिखलात असतं. बाया वाकून रोपं लावतात, माणसं चिखल करतात आणि रोपांच्या जुड्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, टाकतात. कौसल्याबाईंचा नवरा मात्र छत्री घेऊन धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून राहतो. जुड्या टाकण्यापासून ट्रॅक्टरवाल्याशी भांडण्यापर्यंत सगळं एकट्या बाई करतात. गावानं त्याचं नाव ‘साहेब’ ठेवलं आहे. गावात सकूबुढी म्हणून एक म्हातारी आहे, रोवणीच्या गाण्यांत तिचा हात धरणारं कोणी नाही. ती दरवर्षी या साहेबावर एक नवीन कडवं करते आणि सगळी बांधी खिदळते.

“अन् हे बी हासते. यायले आळशी म्हनलं तं चालते, पाय अधू हाय म्हनलेलं नाई चालत. मले आयकवत नाई आता. माह्या नवऱ्याले लढाईत लागलं हाय, मले मालूम हाय.”

“पाय दुखतो असं ते सांगत का नाहीत?”

“मलेच नाई सांगतलं आजवर. गावाले कायचं सांगते?”

मी पुस्तक उघडलं. पहिल्याच पानावर पलटणीचं नाव माझ्या पलटणीचं होतं. फोटो पाहिला आणि माझा हात तिथंच थांबला. बबन सेलोकर. माझ्या तुकडीतला माणूस.

कारगिलच्या लढाईत मी हवालदार होतो. दहा जणांची तुकडी माझ्याकडे आणि मशीनगन बबनकडे. एका सकाळी आमच्या शेजारच्या खडकावर गोळा फुटला. धूळ खाली बसल्यावर पाहिलं तर बबनच्या डाव्या गुडघ्यापाशी पॅन्ट फाटून रक्त आलेलं. मीच पट्टी बांधली. “खाली पाठवू का?” म्हणून विचारलं. तो हसून म्हणाला, “कुछ नहीं उस्ताद, खरोंच है.” आणि मी ते मान्य केलं. खरं सांगायचं तर मला ते मान्य करणं सोयीचं होतं, कारण बबन खाली गेला असता तर गन चालवायला दुसरा माणूस नव्हता. तो पुढे दोन दिवस त्याच पायावर रांगत, चढत आमच्याबरोबर आला. शिखर मिळालं. त्यानंतर माझी बढती झाली, बदली झाली, आणि निवृत्तीनंतर एकाच जिल्ह्यात राहूनही मी बबनची कधी चौकशी केली नाही. याची मला लाज वाटते.

दुसऱ्याच दिवशी मोटारसायकल काढून मी त्याच्या गावी गेलो. मला पाहताच बबन अंगणात सावधान उभा राहिला.

“राम राम उस्ताद!”

“बस की रे.”

“तुमी बसा. मी उभाच बरा हाय.”

मी दहा मिनिटं बसलो, तो दहा मिनिटं उभा. शेवटी बसला तो बाजेवर, आणि त्या बाजेच्या चारी पायांखाली दोन-दोन विटा होत्या.

“या विटा कशाला?”

“मुंग्या चढते, उस्ताद.”

मुंग्यांना दोन विटा चढून जायला कितीसा वेळ लागतो, असं मी विचारलं नाही. कौसल्याबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा भाकरीकडे वळल्या. अर्ज करायला बबन तयार नव्हता. “आपल्यापरीस जास्त लागलेले लय हायेत,” असं म्हणाला. मग मी माझा जुना आवाज काढला आणि म्हणालो, “सेलोकर, सही कर.” त्यानं सही केली. हुकूम आहे म्हटल्यावर त्याला बरं वाटलं असावं.

अशा कामाची रीत सोपी आहे, वेळ मात्र भरपूर खाते. आधी पलटणीच्या दप्तरातून जुने कागद मागवायचे. मग लष्करी दवाखान्यात डॉक्टरांचं बोर्ड बसतं. तीन डॉक्टर माणसाला तपासतात आणि दोन गोष्टी ठरवतात. जखम लढाईतली आहे का, आणि तिचा आज त्रास आहे का. दोन्हीला ‘हो’ आलं तरच शिक्क्याचा कागद मिळतो.

काही महिन्यांनी दप्तरातून जाड पाकीट आलं. लांजेवारांनी ते फोडलं आणि सवयीप्रमाणे सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं वाचायला सुरुवात केली. “डाव्या गुडघ्याला मामुली खरचटलं! जवान ठीक आहे! तक्रार नाही! साक्षीदार...” इथं ते थांबले. लांजेवार वाचताना थांबलेले मी तोवर पाहिले नव्हते. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. साक्षीदार म्हणून खाली माझी सही होती.

लढाई संपल्यावर तंबूत बसून अशा चिठ्ठ्यांचा गठ्ठा मीच भरला होता. मेलेल्यांचे आणि पाय गेलेल्यांचे कागद आधी लिहिले, बबनचा सगळ्यांत शेवटी, दोन ओळींत. इतकी वर्षं सरकारी बाबूंनी निष्काळजीपणे लिहिलेल्या कागदांवर मी मोर्चे काढत होतो. आता समोरचा निष्काळजी बाबू मीच होतो.

“चालते,” लांजेवार चक्क हळू आवाजात म्हणाले. “फोटोत तुकडा दिसून राहिला न? तं मंग चिठ्ठीले कोण पाह्यते?”

ते बरोबर होतं. अर्जाला जोडायला काढलेल्या एक्स-रेमध्ये गुडघ्याच्या मागे करंगळीच्या नखाएवढा लोखंडाचा तुकडा स्पष्ट दिसत होता. आम्ही बिनधास्त होतो. बोर्डाच्या दिवशी बबनला नीट दाढी करून, कडक इस्त्रीचा शर्ट घालून आत पाठवलं आणि बाहेर बाकावर बसलो. दहा मिनिटांत तो बाहेर आला. चेहरा असा, की जणू परीक्षेत पहिला आला आहे.

“झालं उस्ताद! एकदम ओके करून आलो.”

“काय विचारलं?”

“कोई तकलीफ? म्हने. मी म्हनलं, नहीं साहब! चालून दाखव म्हने. चालून दाखवलं. बैठक मार म्हने. मारली.”

“बैठक मारलीस?” माझा आवाज चढला. “त्या पायावर?”

“मंग? साहेबानं सांगतलं न.”

लांजेवारांनी कपाळावर हात मारून घेतला. त्याचा आवाज आतपर्यंत गेला असेल. बबन मात्र आमच्याकडे बघतच राहिला. आपण चूक काय केली हे त्याला कळत नव्हतं. परतीच्या वाटेवर जीपमध्ये त्याचा पाय सुजून एवढा झाला की बूट कापून काढावा लागला. तेव्हाही तो म्हणाला, “बूटच लहान हाय.”

निकाल यायचा तोच आला. तुकडा आहे, पण त्रास नाही. जुनी चिठ्ठीही तेच सांगते. अर्ज नामंजूर.

आम्ही अपील केलं आणि बबनची तालीम सुरू केली. आठवड्यातून एकदा तो आणि कौसल्याबाई वरठीला येत. लांजेवार डॉक्टर होत आणि टेबलामागे बसून दरडावत, “कोई तकलीफ?”

“नहीं साहब!”

“अरे, हाँ साहब म्हन! हाँ साहब!”

“हाँ साहब!”

“शाब्बास. कोई तकलीफ?”

“नहीं साहब!”

शेजारचा सायकलवाला हातातलं चाक तसंच धरून दारात उभा राही. कामगार थांबत, पैजा लावत. एकदा लांजेवारांनी वैतागून डॉक्टरचं काम कौसल्याबाईंना दिलं. बाई टेबलामागे ताठ बसल्या आणि म्हणाल्या, “काहून जी, पाय दुखते का?” बबन लाजला, खाली पाहू लागला, आणि त्याच्या तोंडून काहीच निघालं नाही. ‘नहीं साहब’ही नाही. बाई हसल्या. त्यांना हसताना मी प्रथमच पाहिलं. त्या हसल्या म्हणून बबनही हसला, आणि तालीम तिथंच बुडाली.

पण त्या दिवशी माझ्या डोक्यात उजेड पडला. आम्ही चुकीच्या माणसाला पढवत होतो.

दुसऱ्या बोर्डाच्या प्रमुख एक कर्नल बाई होत्या. शांत, चष्मा लावलेल्या. मी बाहेरून चिठ्ठी पाठवली की साक्षीदार हजर आहे आणि त्याला आपली जुनी साक्ष बदलायची आहे. त्यांनी मला आत बोलावलं. बबन एका कोपऱ्यात सावधान उभा होता. बाईंनी माझी जुनी सही दाखवली.

“ये आपने लिखा था?”

“जी मॅडम.”

“मामुली क्यों लिखा?”

उत्तर मी घरून पाठ करून नेलं होतं. युद्धाची धावपळ, कामाचा ताण वगैरे. ते सगळं बाजूला राहिलं आणि मी म्हणालो, “मॅडम, मुझे गन चलाने वाला चाहिए था. इसलिए मैंने देखा ही नहीं.”

बबन सावधान सोडून माझ्याकडे वळला. “उस्ताद, असं नाई...” एवढंच बोलला. बाईंनी त्याला हातानंच थांबवलं. मी पुढे म्हणालो, “और इनसे मत पूछिए मॅडम. ये मरते दम तक ‘नहीं साहब’ ही कहेंगे. इनकी मिसेस बाहर हैं.”

नियमात ते बसत होतं की नाही, मला ठाऊक नाही. बाईंनी क्षणभर विचार केला आणि कौसल्याबाईंना आत घेतलं. त्या आल्या, पदर खोचला आणि थेट बोलायला लागल्या. मी हिंदी करून सांगणार होतो, पण दोन वाक्यांनंतर कर्नल बाईंनीच मला नको म्हणून खूण केली.

“मॅडम, हे नहानीत जाते तं नळ सोडून ठेवते. भांडं भरलं तरी बंद नाई करत. कन्हल्याचा आवाज बाहेर येऊ नाई म्हून. खाटेखाली इटा ठेवल्या, म्हनते मुंग्या येते. गावात पंगत असली का यायचा उपास. खाली मांडी घालून बसता येत नाई न! वर्सभर उपास कोणाचा असते, तुमीच सांगा.”

एक तरुण डॉक्टर हसू दाबत होता. कौसल्याबाईंचा आवाज मात्र एकदम खाली आला.

“पोरीचं लगन झालं. कन्यादानाले पाटावर बसा लागते. हे म्हने, फौजीले पूजाअर्चा येत नाई, काकाले बसवा. काकाले बसवलं. हे मांडवाच्या खांबाले धरून उभे होते. पोरगी आजबी म्हनते, बाबाले माही लाज वाटली का. मी नाई बोललो कवा. यायनं लपवलं, तं मीबी मालूम नाई असं दाखवलं.”

मी बबनकडे पाहिलं. समोरची भिंत सोडून तो बायकोकडे बघत होता. एवढ्या वर्षांची त्याची लपवाछपवी पहिल्या दिवसापासून उघडी होती, हे त्याला त्या घटकेला कळत होतं. कर्नल बाई उठल्या, त्याला टेबलावर बसवलं, गुडघ्यामागे अंगठा दाबला आणि विचारलं, “दर्द?”

“नहीं... साहब,” बबन म्हणाला. कपाळावरून घामाचे थेंब त्याच्या नाकावर उतरले होते.

बाईंनी अंगठा काढला. “ठीक है, सेलोकर. आपने अपना काम कर दिया. अब मैं अपना करती हूँ,” असं म्हणून त्या लिहायला बसल्या.

त्या दिवसापासून आमच्या ऑफिसात नियम आहे. फाईल बायकोसमोर उघडायची. ज्याचं लग्न झालेलं नाही, त्यानं आई आणायची. लांजेवारांनी तो नियम रंगवून भिंतीवर लावला आहे, आणि काही म्हातारे फौजी तो वाचून दारातूनच परत जायला बघतात.

मंजुरीचा कागद ऐन रोवणीत आला. तो टपालानं पाठवायला मन होईना, म्हणून मीच घेऊन गेलो. घराला कडी होती. शेतावर गेलो तर दहा-बारा बाया वाकून रोवणी करत होत्या. कौसल्याबाई पोटरीभर चिखलात जुड्या टाकत होत्या आणि बबन छत्री घेऊन धुऱ्यावर बसलेला. सकूबुढीचं गाणं चालू होतं. मला पाहून तिनं लगेच कडव्यात मलाही ओढलं, साहेबाच्या घरी मोठा साहेब आला म्हणून. सगळ्या हसल्या. बबन हसला. मीही हसलो, करतो काय.

“आला का जी कागद?” कौसल्याबाईंनी चिखलातूनच विचारलं.

“आला.”

“मंग वाचा न. इथंच वाचा. सबन बाया आयकते.”

बबननं मला नको म्हणून खुणावलं. मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. धुऱ्यावर उभा राहिलो आणि इंग्रजी कागदाचं आमच्या भाषेत करून मोठ्यानं सांगितलं. बबन सेलोकर यांना लढाईत शत्रूच्या गोळ्यानं डाव्या पायाला जखम झाली. लोखंडाचा तुकडा अजून पायातच आहे. तो काढता येण्यासारखा नाही. या पायानं त्यांना वाकता, बसता, चिखलात चालता येत नाही, आणि ही जखम देशासाठी झालेली आहे असं सरकार मान्य करत आहे. शेवटचं वाक्य कागदावर इतकं गोड नव्हतं, ते मी माझ्या पदरचं जरा गोड केलं.

गाणं थांबलं होतं. सकूबुढी कमरेवर हात ठेवून सरळ झाली आणि चिखल तुडवत धुऱ्यापाशी आली.

“अजून आत हाय?”

“हो, आजी. आतच आहे.”

“काहून सांगतलं नाई रे बबन? आमी तुले काय काय म्हनलं इतके वर्स. तोंड नाई का तुले?”

बबननं छत्री खाली ठेवली. म्हातारीपुढे बसून राहणं त्याला जड जात असावं, त्यानं उठायचा प्रयत्न केला. धुऱ्यावरची माती ओली, पाय घसरला आणि तो पुन्हा खाली बसला. त्यानं तोंड उघडलं. आता काय बाहेर पडणार ते मला आणि कौसल्याबाईंना ठाऊक होतं. बाईंनी तर मान फिरवून पुढची जुडी उचललीही होती.

“कौसल्या,” बबन म्हणाला. सगळ्या बांधीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला. “हात दे वो जरा. मले उठता येत नाई.”

बाईंच्या हातातली जुडी चिखलात पडली. त्या धुऱ्यापर्यंत आल्या त्या रडतच, आणि रडता रडता भांडतही होत्या, “एवढंच बोलाले इतके वर्स लागले का जी? इतके वर्स?” बबननं तिचा चिखलानं माखलेला हात धरला, दुसरा हात तिच्या खांद्यावर ठेवला आणि अंगाचा सगळा भार तिच्यावर टाकून उभा राहिला.